इरकली की निळी, आक्का?

आक्का, तुमी लिंगैक्य झालात आन घरातलं भांडणच बंद पडलं.

सकाळी मी चहा करते. साखर जास्त पडते, रोजच पडते, पण "नंदा, पाक केलास का गं चहाचा?" असं कुणी म्हणत न्हाई. हे गप पितात आन दुकानाला जातात. तुमचा भाऊ, तुमचा बसू, पहिल्यापासून तसाच. बायकोशी एक वाक्य बोलायचं तर आधी एखादी मोटार खोलून बसावी लागते त्यांना. मला वाटायचं, रोजच्या भांडणानं माणूस बेजार होतं. भांडायला कुणी नसल्यावर किती बेजार होतं ते आता कळायलंय.

भेटायला येणारे सगळे तेच विचारतात. कसं झालं, परभणीला कधी नेलं, डॉक्टर काय म्हणाले. मी सांगते, आन सांगून सांगून आता मलाच ते दुसऱ्या कुणाच्या घरचं वाटायला लागलंय. म्हणून ते इथं न्हाई लिहीत. जे कुणी विचारत न्हाई ते लिहायलेय. परसातल्या कुंडीतली माशांची पिल्लं, त्यांची आई, आन आपलं अर्धं राहिलेलं भांडण. ती इरकली हाय का निळी?

मी लग्न होऊन जिंतूरला आले तेव्हा मावशीनं निघताना कानात सांगितलं होतं, "नणंद माघारी आलेली हाय त्या घरात. तोंड सांभाळून राहा." पालमला तुमचे मालक गेले, लेकरू न्हाई, सासरच्यांनी ठेवून घेतलं न्हाई, म्हणून तुमी भावाकडं आलात, एवढं मला ठाऊक होतं. पहिलं वर्ष मी खरंच तोंड सांभाळलं. तुमी ओसरीत बसून लोकांच्या लेकरांचे स्वेटर विणायच्या, मी स्वयंपाकघरात. जेवायला वाढलंय, बरं, एवढंच बोलणं. मला तुमची लय भीती वाटायची, आक्का. तुमाला माझी वाटायची हे मला लय उशिरा कळलं.

मग ते मासे आले. ह्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. तांब्याची तार आणायला म्हणून मुंबईला गेले आन येताना मांडीवर पाण्याच्या पिशव्या घेऊन आले. म्हणे, काउंटरवर काचेची टाकी ठेवतो, मोटार दुरुस्त होईस्तवर शेतकरी बघत बसतील, माझं डोकं खाणार न्हाईत. पण दुकानात व्हार्निशचा वास, तिथं मासे टिकेनात. टाकी घरी आली. घरी आपल्या बोअरचं पाणी, ज्यात डाळ शिजता शिजत न्हाई आन घागरीला पांढरा थर धरतो. त्या पाण्यात सोनेरी मासे गेले, काळे गेले, पट्ट्यापट्ट्यांचे गेले. रोज सकाळी एक तरी उलटा. तुमी नाक मुरडत त्याला कडुलिंबाखाली पुरायच्या आन म्हणायच्या, "बसूनं घरात मसणवाटा आणला."

उरले ते फक्त रेनबो. मुंबईच्या माणसानं इंद्रधनुष्यवाले म्हणून दिलेले. त्यांना आपलं जड पाणी असं काही मानवलं की महिनाभरात अंगावर रंग मावेना. दोन जाती होत्या. एका जातीचा नर डोक्याकडून निळसर आन कमरेपासून मागं नारंगी. तुमी बघितलं आन विणकाम खाली ठेवलंत. "अगं बया, ही तर इरकली! निळं अंग आन रंगाचा पदर." दुसऱ्या जातीचा नर पाठीवर गर्द निळा, पोटाला पांढरा. ती निळी. मुंबईवाल्यानं लांबलचक इंग्रजी नावं सांगितली होती, ती ह्यांनी गाडीतच विसरून टाकली, म्हणून आपल्या घरात हीच नावं चालली. नर ओळखायला सोपे होते. माद्या मात्र दोन्ही जातींच्या सारख्याच, स्टीलच्या चमच्यासारख्या. "बघ, हितंबी बायकांच्या वाट्याला साधंच लुगडं," तुमी म्हणालात, आन मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा तुमच्यासमोर मोठ्यानं हसले. तुमी दचकून बघितलंत माझ्याकडं. मग तुमीबी हसलात.

दोन जातींना दोन टाक्या, हा कायदा तुमचा. ह्यांनी खिडकीच्या काचा जोडून दुसरी टाकी केली. "एकत्र ठेवलं तर आपसात जमवून घेतात हे," तुमी म्हणालात, "मग पोरं ना इरकली ना निळी. कुणाला द्यायची झाली तर काय सांगून द्यायची?"

"मासा म्हणून द्यायची," मी म्हणाले.

"नावाशिवाय माज्या घरातनं काही जायचं न्हाई."

"पाण्यात पोहणाऱ्याला कशाला पायजे नाव?"

"तुला नंदा म्हणून हाक मारते, का नुसतं बाई म्हणू?"

इथनं सुरू झालं बघा आपलं. वर्षभर सांभाळून ठेवलेलं तोंड मी त्या दिवशी उघडलं आन पुन्हा मिटलं न्हाई. शेजारच्या बायकांना वाटायचं नणंद-भावजयीचं पेटलं. पेटलं कसलं, मला तर घर मिळालं होतं.

अंडी कशी सापडली, आठवतं? तुमच्या विणायच्या पिशवीतला हिरव्या लोकरीचा तुकडा कधी टाकीत पडला होता कुणास ठाऊक. तुमी काढायला हात घातलात आन तसाच उजेडात धरलात. "नंदा, राजगिरा कुणी सांडला गं यात?" धाग्याधाग्याला काचेसारखे दाणे चिकटलेले. एका दाण्यात दोन काळे ठिपके होते. ते डोळे आहेत हे कळलं तेव्हा तुमी हात कपाळाला लावलात. त्या दिवसापासून गावातल्या लेकरांचे स्वेटर मागं पडले. हिरवी लोकर उकळून तिचा कच्चा रंग काढायचा, झुबके बांधून टाकीत सोडायचे. सकाळी तुमची इष्टलिंगाची पूजा झाली की आपण दोघी मांडी घालून बसायचो आन झुबका ताटात घेऊन ओल्या बोटांनी अंडी निवडायचो, तांदळातले खडे निवडतात तशी. पांढरं पडलेलं टाकायचं, आरपार दिसणारं ठेवायचं. काही न बोलता तास जायचा. मला त्या घरातलं सगळ्यात जास्त काय आवडायचं ते सांगायचं राहिलंच, आक्का. तो तास आवडायचा.

पिल्लं निघाली तर पापणीच्या केसाएवढी. त्यांना खायला काय घालायचं? नांदेडचे युसूफभाई रंगीत मासे विकायचे, गिऱ्हाइकाकडं जाता-येता आपल्याकडं थांबायचे. त्यांनी सांगितलं, उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून घाला. त्या दिवशी संध्याकाळी हे घरी आले ते एका बाजूनं वाकडे चालत.

"बसू, खिशात काय हाय?" तुमी विचारलंत.

"काही न्हाई."

"काही न्हाई तर हात का ठेवलास त्याच्यावर?"

कागदात गुंडाळलेलं कोंबडीचं उकडलेलं अंडं निघालं. लिंगायताच्या घरात! तुमी असा आवाज लावलात की गल्लीतली कुत्री उठली. "मासे आणलास, मी गप बसले. आता अंडं. उद्या काय, कोंबडी बांधशील परसात?" मी मधी बोलले, "आक्का, मग आपण रोज सकाळी पूजा झाल्यावर हातानं निवडतो ती काय हायत?" तुमचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग तुमी म्हणालात, "ती खायची न्हाईत." आन हसू येतंय म्हणून तोंड फिरवून उठून गेलात. ते अंडं ह्यांनी गल्लीतल्या कुत्र्यांना घातलं. कुत्र्यांनाबी दोन दिवस आपल्या दाराची आशा लागली होती.

अंडं घरात येणार न्हाई म्हणजे न्हाई, आन पिल्लं उपाशी मरू द्यायची न्हाईत म्हणजेबी न्हाई. आठवडाभर तुमी कायकाय करून बघितलंत. डाळीचं पाणी घातलं, ते नासलं. ताक घातलं, ते नासलं, काही पिल्लं गेली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून कडब्याचे तुकडे मातीच्या मडक्यात भिजवून उन्हात ठेवलेत. वास असा की हे परसात यायचे बंद झाले. पण काचेच्या पेल्यात ते पाणी घेऊन उजेडात धरलं की धुळीसारखं काहीतरी जिवंत हलायचं. चमचा चमचा घातलं आन पिल्लांची पोटं दिसायला लागली. "ज्वारीवर माणूस जगतं, हे न्हाई जगणार व्हय?" तुमी म्हणालात. तुमच्या तोंडावर तेव्हा जे तेज होतं ते मी कधी विसरले न्हाई.

एक गोष्ट मी तुमाला कधी बोलले न्हाई. मठात बायकांचा कार्यक्रम होता आन एका बाईनं सगळ्यांसमोर मला विचारलं, "नंदाबाई, अजून काहीच न्हाई का?" मी मान खाली घातली. तुमी पान लावत होतात. पान तसंच हातात धरून म्हणालात, "तिच्या हाताखाली दीडशे लेकरं हायत सध्या. दिवसाला चारदा जेवू घालते. तू किती जणांना घालतेस?" बायका हसायला लागल्या. घरी आल्यावर मी न्हाणीघरात जाऊन रडले. तुमाला वाटलं, मी रागावले. दुसऱ्या दिवशी तुमी माझ्याशी जपून बोलत होतात. रागावले नव्हते हो आक्का. माझ्या बाजूनं इतकं मोठ्यानं कुणी कधी बोललंच नव्हतं. आईबी न्हाई.

आता त्या श्रावणाचं सांगते, आन या वेळी तुमी मधी बोलू शकत न्हाई, म्हणून सगळं खरं सांगते.

मठाचे स्वामी आपल्या घरी पाद्यपूजेला येणार होते. घर सारवून, धुऊन, पुसून झालं. आन सकाळी तुमच्या मनानं घेतलं, स्वामी बसणार त्याच खोलीत मासे? लोक काय म्हणतील? आमी कुणी तुमाला बोललो नव्हतो. मासे काही आपण खायला आणलेले नव्हते. पण तुमी ऐकेनात. लाल बादलीत इरकली घेतल्यात, निळ्या बादलीत निळ्या. ठरलं असं होतं की इरकली परसातल्या हौदात सोडायच्या आन निळ्या टिपाडात. मी स्वयंपाकघरात पुरणपोळ्या लाटत होते. तेवढ्यात दारात गलका झाला, "स्वामी आले, स्वामी आले!" तुमच्या एका हातात लाल बादली, दुसऱ्या हातात निळी. मी खिडकीतनं बघत होते, आक्का. तुमी दोन्ही बादल्या हौदात उपड्या केल्यात आन पदर खोचून पाय धुवायचं पाणी घ्यायला धावलात.

पुढं जन्मभर तुमी सांगत राहिलात, "बसूनं ओतलं." बसू त्या वेळी दारात हार घेऊन उभे होते. त्यांना हौद दिसतसुद्धा नव्हता. मी तुमाला किती वेळा सांगितलं, मी डोळ्यानं बघितलंय. तुमी म्हणायच्या, "पुरणाच्या वाफेत काय दिसतंय तुला?" हे बिचारे शेवटी शेवटी म्हणायला लागले होते, "ओतलंबी असेल मी." तुमच्या भावानं तुमच्यासाठी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट ती असेल, पण तुमी त्याचंही काही मानलं न्हाई.

आन स्वामी? पूजा झाली, जेवण झालं, हात धुवायला परसात गेले ते हौदापाशीच बसले. भर ऊन पडलेलं, दोन जातींचे नर पहिल्यांदा समोरासमोर आलेले, पर ताणून एकमेकांना रंग दाखवायला लागलेले. स्वामींनी उपरणं सावरलं आन हौदात वाकून बघायला लागले.

"हे काय हाय, आक्का?"

"मासे, स्वामी." तुमचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"ते दिसतंय. कोणते?"

तुमी बोटानं दाखवायला लागलात. ही इरकली. ही निळी. ही... आन एका मादीवर बोट थांबलं. ते बोट दुसरीवर गेलं, तिसरीवर गेलं. तेव्हा तुमच्या ध्यानात आलं काय झालंय ते.

"म्हणजे तुलाबी माहीत न्हाई," स्वामी हसून म्हणाले. "आन एवढं छान होतं तर घरातनं बाहेर कशाला काढलंस?"

त्या दिवशी तुमी जेवला न्हाईत.

नर त्याच संध्याकाळी वेगळे काढले. माद्यांचं काय? सारख्याच दिसणाऱ्या माद्या तुमी एकेक करून वेगळ्या कुंडीत ठेवल्यात. प्रत्येकीसोबत इरकली नर सोडायचा, अंडी घ्यायची, पिल्लं वाढवायची. पिल्लांना रंग यायला सहा-सात महिने. नर पिल्लं मागनं नारंगी झाली तर आई इरकली. काहीतरी मळकट निघाली तर आई निळी. एवढ्या एका प्रश्नासाठी परसात पाय ठेवायला जागा राहिली न्हाई. मी म्हणायचे, आक्का, सोडा ना, सगळे एकत्र राहू द्या, दिसायला तर छान हायत. तुमी म्हणायच्या, "दिसायला छान म्हणून मी तुझ्या पोळीला पुरणपोळी म्हणू का?"

एकेक कुंडी मळकट निघत गेली. दोन माद्या उन्हाळ्यात गेल्या. इरकली नरांतला एकच उरला, तो म्हातारा, परांच्या कडा झिजलेला. आन ओळख न पटलेल्या माद्यांतली एकच, वरच्या पराला चीर असलेली. तुमी म्हणालात, ही आपलीच, इरकली. मी म्हणाले, निळी हाय, उन्हात पाठ बघा, निळी चमक मारते. तुमी म्हणालात, "चमक पाण्याची हाय." मी म्हणाले, "तुमाला पायजे तेच दिसतंय." गणपतीच्या आधी त्या दोघांची अंडी धरली. थोडीच निघाली. त्यानंतर म्हातारा गेला. त्याला पुरून आलात आन हात धुता धुता म्हणालात, "आता ह्या पिल्लांत न्हाई निघाली तर आपल्याकडची इरकली संपली, नंदा." आपण तुमच्या भावाला मुंबईला त्या दुकानात पाठवलं होतं. ते दुकान तिथं राहिलं नव्हतं.

म्हणजे सगळं त्या एका कुंडीवर आलं. भूकंप झाला त्या पहाटे अख्खी गल्ली रस्त्यावर आली, आन मी बघते तर तुमी न्हाईत. परसात कुंडीला दोन्ही हातांनी मिठी मारून बसलेल्या. मी ओरडले, "आक्का, भिंत पडंल अंगावर!" तुमी म्हणालात, "पाणी हिंदकळायलंय गं." मी तुमाला दंड धरून ओढत आणलं. त्यावरनंबी दोन दिवस अबोला.

आन ते वालूरचं. चुलतभावाच्या लेकीच्या साखरपुड्याला वालूरला गेलात आन संक्रांतीच्या तोंडावर विद्यापीठाच्या नामांतरावरनं बंद झाला. एसटी बंद, रस्ते बंद. लोक ट्रंककॉल लावून आपापल्या माणसांची खुशाली विचारत होते. शेजारच्या किराणा दुकानात तुमचा फोन आला म्हणून मी अनवाणी पळाले. आन तुमी ओरडून विचारता, "कडब्याचं पाणी घातलं का?" किराणावाला माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी म्हणाले, "आक्का, तुमी बऱ्या हायत ना?" तर म्हणालात, "मला काय धाड भरलीय? पिल्लांचं सांग."

परत आलात तेव्हा मी तुमाला टोचलं होतं. म्हणाले, बाहेर सोळा वर्षं माणसं एका नावासाठी भांडायलेत, आन तुमी घरात माशाच्या नावासाठी. तुमी हसला न्हाईत. पालमला तुमच्या सासरच्या वेशीबाहेर जळलेली घरं तुमी डोळ्यानं बघितली होती, ते तुमी त्या दिवशी मला पहिल्यांदा सांगितलंत. म्हणालात, "ते नाव पहिल्याच दिवशी देऊन टाकायचं होतं. इतके जीव गेले नसते. माणसं तोंडानं सांगायलेत ना त्यांना काय पायजे ते, मग ऐकायचं. माशाला विचारता येत न्हाई, म्हणून मला बघत बसावं लागतं." संक्रांतीला रेडिओवर नामांतराची बातमी लागली तेव्हा तुमी कुंड्यांचं पाणी बदलत होतात. "झालं ना एकदाचं," म्हणालात आन पदरानं डोळे पुसलेत. मी बघितलं न्हाई असं दाखवलं.

शिवरात्रीच्या आधी तुमाला परभणीला नेलं. तिसऱ्या दिवशी तुमी डोळे उघडलेत आन मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, घरादाराचं काही सांगणार. तुमी विचारलंत, "रंग आला का?" मी म्हणाले, "न्हाई अजून. घरी चला आन तुमीच बघा. निळीच निघणार हाय." तुमी तोंड वाकडं केलंत. आपलं शेवटचं बोलणं हेच.

माती देऊन आल्यावर आठवड्यानं युसूफभाई आले. ओसरीत बसून बराच वेळ रडले. तुमी त्यांना आक्का म्हणू द्यायच्या न्हाईत, "तुमी माज्यापेक्षा थोरले," म्हणायच्या, तेबी त्यांनी सांगितलं. मग परसात येऊन कुंड्या बघितल्या. "भाभी, हे आता तुमच्याच्यानं होणार न्हाई. सगळे मला द्या. चांगली जागा बघून देतो."

"काय म्हणून द्याल?" मी विचारलं.

"रेनबो म्हणून. नाव कोण बघतंय, भाभी? रंग बघतात लोक."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. ह्यांना वाटलं, मी हो म्हणणार. मलाबी वाटलं. दोन वर्षं मी तुमाला हेच तर सांगत होते. सकाळी उठून मडक्यातलं घाण पाणी गाळायचा मला कंटाळा आलेला, घरात तुमी न्हाई, त्या कुंड्यांकडं बघितलं की जीव जातो. आन माझ्या तोंडातनं निघालं, "अजून रंग यायचाय. कोण हायत ते कळल्याशिवाय माज्या घरातनं काही जायचं न्हाई."

ह्यांनी मान वळवली. माज्या घरातनं म्हणाले मी, आक्का. तुमच्यासारखंच.

त्यानंतर रोज सकाळी मी एकटी परसात बसते. पिल्लं आता बोटाएवढी झालीत. चांदीचा रंग, दुसरं काही न्हाई. रोज बघायचं, रोज काही न्हाई. मनातनं मला वाटायचं निळी निघू दे, म्हणजे मी जिंकेन. आन लगेच वाटायचं, देवा, न्हाई, इरकली निघू दे. एखाद्या दिवशी दोन्ही वाटायचं.

आज सकाळी ऊन कुंडीत तिरकं आलं. दोन पिल्लं एकमेकांभोवती गिरक्या घेत होती, नर करतात तसं. मोठं होतं त्यानं पर ताणले. आन शेपटीच्या मुळापासून पोटापर्यंत, हळद-कुंकू कालवल्यासारखा रंग चढला. डोकं निळसर, मागं नारंगी. लगेच गेला. पुन्हा चढला. दुसऱ्याच्या अंगावरबी चढला.

आक्का, मळकट न्हाई. नारंगी. इरकली.

मी उठले आन पळत सुटले. हात कोपरापर्यंत ओले, पदर पाण्यात भिजलेला, स्वयंपाकघरातनं, ओसरीतनं, मोठ्यानं ओरडत, "आक्का, लवकर या, रंग आला! तुमचंच खरं, मी हरले, या की लवकर!" तुमच्या खोलीचं दार ढकललं आन उंबऱ्यावरच थांबले.

हे आत होते. तुमच्या पलंगावर बसले होते, रोज दुकानाला जायच्या आधी बसतात हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या ओल्या हातांकडं बघितलं.

आक्का, मी हरले. सगळ्या गल्लीत ऐकू जाईल असं मला बोला ना.